चार दारे, एक डिकी आणि मुलुंड

मुलुंडला प्रथमच आलेल्या पाहुण्याला आम्ही मुलुंडकर चहाच्या आधी एक गोष्ट ऐकवतो. ती अशी की, आमचे गाव आपोआप उगवलेले नाही, आखलेले आहे! १९२२ च्या सुमारास क्राऊन अँड कार्टर नावाच्या वास्तुविशारदांनी कागदावर पट्टी ठेवून आमच्या रस्त्यांच्या रेघा ओढल्या. म्हणून तर आमच्या गल्ल्या एकमेकींना शहाण्यासारख्या काटकोनात भेटतात, आणि जिथे पाच रस्त्यांना एकत्र यायची लहर आली, त्या चौकाला आम्ही सरळ ‘पाच रस्ता’ म्हणतो. नावे ठेवताना फार कल्पकता दाखवायची नाही, हा मुलुंडचा स्वभावच आहे. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द वाढली आणि ठाणे जिल्ह्यातले हे गाव मुंबईत आले. तेव्हापासून आम्ही मुंबईचे शेवटचे घर. पलीकडच्या अंगणात पाऊल टाकले की ठाणे.

आता, रेघा ओढणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे टांगे असतील, बैलगाड्या असतील, फार तर एखाद्या शेठजींची मोटार असेल. एका घराला एक मोटार, अशा हिशेबाने त्यांनी पट्टी ठेवलेली नव्हती. म्हणून मुलुंडात राहून मोटार घ्यायची म्हणजे आधी मोटार पाहायची की आधी मुलुंड पाहायचे, हा प्रश्न पडतो. माझे उत्तर असे, की आधी मुलुंड पाहावे. मोटारीचे गुणदोष छापील पुस्तिकेत कळत नाहीत. ती कोणत्या रस्त्यावर चालणार, कोणत्या जागेत उभी राहणार आणि तिच्यात कोण बसणार, या तीन गोष्टींवरून ते ठरतात. आमच्या घरी गेले काही महिने हाच अभ्यास चालला होता. त्यातून जे हाती लागले, ते येथे मांडते.

प्रथम ‘कोण बसणार’ ते सांगते. मी कॉलेजात मराठी शिकवते, हे बँकेत आहेत, कन्या अकरावीत आहे. पण ही गाडी आम्हां तिघांसाठी नव्हतीच. रेल्वेने आमचे बरे चालले होते. गाडी हवी होती ती सासूबाईंसाठी. त्यांचे वय शहात्तर. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, पाठीचा एक मणका दबलेला. डॉक्टरांनी सांगितले, “चाला, हिंडा, पण हादरे नकोत.” हादरे नकोत म्हणजे रिक्षा नको. आणि त्यांची सख्खी धाकटी बहीण, आमच्या मावशी, राहतात पूर्वेला, गव्हाणपाड्यात. आम्ही पश्चिमेला, झवेर रोडच्या एका गल्लीत. मधे फक्त रेल्वेचे रूळ. धडधाकट माणसाने स्टेशनचा पूल ओलांडला की पाऊण तासात जाऊन, चहा पिऊन परत! पण पुलावरच्या त्या गर्दीत काठी टेकायलाच जागा मिळत नाही, तिथे शहात्तर वर्षांच्या बाईने काय करावे? सात महिने दोघी बहिणी फोनवरच बोलत होत्या. एका गावात राहून! फोन ठेवल्यावर सासूबाई थोडा वेळ खिडकीशी बसत. तक्रार नाही, काही नाही. मला वाटते, तक्रार केली असती तर आम्ही आणखी दोन वर्षे गाडीचा विचार पुढे ढकलला असता.

“माझी ठेव मोडा,” एके दिवशी त्या म्हणाल्या. “तुझ्या सासऱ्यांनी ठेवलेली आहे. मी कुठे घेऊन जाणार आहे?”

म्हणजे पैसा हा असा होता. तो उडवण्याचा नव्हता आणि वाया घालवण्याचाही नव्हता. म्हणूनच इतकी चौकशी करावी लागली.

गाडी कोणत्या जातीची घ्यावी, यावर शेजाऱ्यांचे एकमत होते. उंच गाडी घ्या! आजकाल जो तो उंच गाडी घेतो. तीत बसल्यावर माणसाला आपण जीपमधून मोहिमेवर निघालो आहोत असे वाटते, मग मोहीम दळणाचा डबा आणायची का असेना. आम्ही सासूबाईंना एका शोरूममध्ये नेले. तिथल्या मुलाने मोठ्या अदबीने दार उघडले. सासूबाईंनी बैठकीकडे पाहिले, मग स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “बाळा, शिडी आहे का?”

मग आम्ही सेडानकडे वळलो. सेडान म्हणजे काय, हे मी वर्गात सांगावे तसे सांगते. आडवा ठेवलेला तीन पुडांचा डबा! पुढच्या पुडात इंजिन, मधल्यात माणसे, मागच्यात सामान. हा मागचा पूड म्हणजे डिकी. इंग्रजी शब्दाचे मूळ जुन्या घोडागाडीच्या मागच्या बैठकीत आहे. त्या बैठकीवर पूर्वी नोकर बसत. आता तिथे आपण बॅगा बसवतो. डिकीच्या तळाशी झोपलेल्या जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. तो शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून आला. तिथे १९०४ च्या सुमारास असे चाक बनवणारे दुकान होते. जगाच्या पाठीवर तो शब्द कुठे कुठे टिकला असेल तो असो, पण आपल्या गॅरेजात तो असा रुळला आहे, की कुणाला तो मराठी नाही असे सांगितले तर भांडण होईल.

आणि सेडान ही आम्हां मुंबईकरांना काही परकी नाही. आमच्यापासून काही स्टेशने अलीकडे, कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या या कंपनीने फियाट घरोघर पोचवली. १९६४ साली तिची ‘डिलाइट’ आली, पुढे सत्तरीच्या दशकात तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकालाच, पुढे सलग बाक, आणि मागे डिकी. ती मिळण्यासाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसत. कारखाना थांबला, पण काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती धावत राहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस रस्त्यावरून गेली. सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईत उतरल्या त्या दादरहून फियाट टॅक्सीत बसूनच. त्यामुळे ‘गाडी’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे तीच येते. चार दारे, एक डिकी.

गंमत अशी, की ती साहेबी फियाट आजच्या कायद्याने ‘छोटी मोटार’ ठरली असती! याचे कारण कराच्या व्याख्येत आहे. २००६ सालच्या अंदाजपत्रकाने चार मीटरांच्या आतल्या, आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सूट दिली. तेव्हापासून चार मीटर ही आपल्या मोटारींची लक्ष्मणरेषा झाली आहे. डिझायरसारख्या सेडानची डिकी मागाहून कापून तिला ३,९९५ मिलिमीटरांत बसवण्यात आले ते याचसाठी. फियाटचे इंजिन १,०८९ सीसीचे आणि लांबी चार मीटरांच्या आतली, म्हणजे ती बिचारी रेषेच्या आत. जी सेडान ही रेषा ओलांडते, ती मधल्या आकाराची. होंडा सिटी, ह्युंदाईची व्हर्ना, स्कोडाची स्लाव्हिया, फोक्सवॅगनची व्हर्टस या त्या घरच्या लेकी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारीवर १८ टक्के आणि मोठीवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याआधी पेट्रोलच्या छोट्या गाडीवर अधिभार धरून २९ आणि मधल्या सेडानवर ४५ टक्के होता. म्हणजे दोघीही स्वस्त झाल्या हे खरे, पण दोघींमधले अंतर १६ टक्क्यांवरून २२ वर गेले. धाकटीला नवे लुगडे आणि थोरलीला खणाची चोळी, अशातला प्रकार झाला.

मग धाकटीच का घेऊ नये? घ्यावी, जरूर घ्यावी. पण सासूबाईंना मागच्या बाकावर एक पाय लांब करून बसावे लागते. तिथे मधल्या आकाराच्या सेडानला तोड नाही. दोन चाकांमधले अंतर लांब, त्यामुळे मागे पाय पसरायला ऐसपैस जागा आणि खड्ड्याचा धक्काही सौम्य. शिवाय पाचशे लिटरांच्या आसपासची डिकी. तीत घडीची चाकाची खुर्ची आडवी मावते आणि वर गावच्या तांदळाचे पोतेही बसते.

एवढे ठरले, तेव्हा दुसरा प्रश्न पुढे आला. उभी कुठे करणार?

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. मुलुंडातल्या जुन्या तीन मजली इमारती एकेक करून पडत आहेत आणि त्या जागी मनोरे उभे राहत आहेत. आमचीही इमारत अशीच नवी झाली. प्रत्येक घराला मोटारीची एक जागा मिळाली. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियमावलीत या जागेची दोन मापे आहेत. मोठी, अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब. छोटी, २.३ मीटर रुंद आणि ४.५ मीटर लांब. आमच्या वाट्याला छोटी आली. आणि वर नावे सांगितलेल्या चारही सेडानची लांबी आहे ४.५३ ते ४.५८ मीटर!

कन्येने टेप घेतली आणि खाली जाऊन स्वतः मापले. ती वर येऊन म्हणाली, “आई, गाडी आत जाईल, पण नाक बाहेर राहील.” नाक बाहेर राहिले की सोसायटीच्या सेक्रेटरींचे पत्र आत येते, हे आम्हांला ठाऊक होते. रुंदीचा हिशेबही तिनेच सांगितला. या गाड्या साधारण पावणेदोन मीटर रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून उरतात पंचावन्न सेंटिमीटर, आरसे धरले तर त्याहून कमी. तेवढ्या फटीतून सासूबाई उतरणे शक्य नाही. त्यांना फाटकाशी उतरवून मगच गाडी आत न्यायची, हे तेव्हाच ठरले. तेव्हा सांगणे असे, की गाडीची पुस्तिका चाळण्याआधी आपल्या जागेचे माप घ्या. जिथे यंत्राने गाड्या वर उचलून ठेवतात, तिथे तर उंची आणि वजनाचीही मर्यादा असते. ती लेखी मागून घ्या.

येथेच जुन्या गाडीचा विचार सुरू झाला. मारुतीची सियाझ २०१४ साली आली आणि २०२५ साली बंद झाली. तिची लांबी ४.४९ मीटर. म्हणजे आमच्या जागेत एक सेंटिमीटर राखून बसणारी! नवी मिळायची सोय उरली नव्हती, पण वापरलेल्या पुष्कळ होत्या. किंमत म्हणाल, तर चांगल्या नव्या सेडानला रस्त्यावर येईपर्यंत जेवढे लागतात, त्याच्या निम्म्याहून थोडी कमी. आपल्या राज्यात दहा ते वीस लाखांच्या नव्या पेट्रोल मोटारीला १२ टक्के एकरकमी वाहनकर पडतो. राज्यातल्या राज्यात घेतलेल्या जुन्या गाडीचा तो आधीच भरलेला असतो. ठेव पूर्ण मोडावी लागणार नव्हती.

दुसऱ्या पारड्यातही वजन होते, ते लपवून चालणार नाही. २०२३ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत स्लाव्हिया, व्हर्टस आणि व्हर्ना या तिन्ही गाड्यांनी पाच तारे मिळवले. त्यांत सहा एअरबॅग मिळतात, आणि निसरड्या वळणावर गाडी सावरणारी यंत्रणाही. आम्ही पाहत होतो त्या २०१९ च्या गाडीत एअरबॅग दोन, चाके न अडकू देणारा ब्रेक होता, पण ती सावरणारी यंत्रणा नव्हती. शिवाय २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साजेसे भाग १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत घालतात. त्याआधीच्या गाडीला ते पेट्रोल चालते, पण सरासरी थोडी घटते आणि इंधनाच्या रबरी नळ्यांवर लक्ष ठेवावे लागते. हे म्हणाले, “महामार्गावर रोज ऐंशीने जाणारे असतो तर मी जुनी घेऊच दिली नसती.” हा मुद्दा मला पटला. रोजची लांबची धाव असेल, तर पोटाला चिमटा घेऊन नवीच घ्यावी. आमची धाव होती गव्हाणपाड्यापर्यंत.

जुनी गाडी पाहायची कशी, हे मला आमच्या ओळखीच्या एका मेकॅनिकनी शिकवले. पन्नाशी उलटलेला गृहस्थ, बोलणे मोजके. त्यांनी पहिला नियम सांगितला, “बाई, मालकाला सांगायचं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवायचा. गरम असेल तर समजायचं, काहीतरी झाकलंय.” थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे बोलते, ते खरे बोलते. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन तेल पीत आहे. पाण्याच्या टाकीत दुधासारखा तवंग असेल तर तेल आणि पाणी एकत्र झाले आहे. अशा वेळी नमस्कार करून निघावे.

पहिली गाडी आम्हांला एका दलालाने दाखवली. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. पाटी होती एमएच ०५ ची, म्हणजे कल्याणकडची. रंग असा चकाकत होता, की कन्येने त्यात केस सारखे केले. मेकॅनिकनी रंगाकडे पाहिलेही नाही. ते मागच्या बाकावर बसले आणि त्यांनी सीटचा पट्टा ओढायला सुरुवात केली. नेहमी आपण ओढतो तेवढा नव्हे, शेवटपर्यंत. पट्टा संपत आला तेव्हा त्यावर मातीची एक पिवळट रेघ दिसली. मग त्यांनी डिकीतली स्टेपनी उचलली. खालच्या खळग्यात गंज आणि कोपऱ्यात गाळाचा वाळलेला पापुद्रा. “पाण्यात राहिलेली आहे,” ते म्हणाले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून मुंबईच्या मेकॅनिकांना ही रेघ वाचता येते. नंतर २०१७ च्या ऑगस्टात मुंबईत, २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीकडे, असे पाणी येतच राहिले. बुडालेली गाडी धुऊन, वास मारून पुन्हा उभी करता येते. पण तिच्या तारांतून आणि खटक्यांतून ते पाणी पुढे वर्षभर बोलत राहते. दलाल म्हणाला, “मॅडम, फक्त चाकाएवढं पाणी होतं.” पट्ट्यावरची रेघ आमच्या खांद्याच्या उंचीवर होती.

दुसरी गाडी होती मुलुंडातलीच. मालक निवृत्त गृहस्थ, मुलाकडे परदेशी निघालेले. एमएच ०३, म्हणजे वडाळ्याच्या परिवहन कार्यालयात नोंदलेली. चारही दारांच्या काचांवरच्या खुणा एकाच सालच्या होत्या, म्हणजे काच बदललेली नव्हती. बॉनेटच्या बिजागरीचे स्क्रू कधी पिळलेले नव्हते, म्हणजे पुढून मोठी धडक नाही. टायरवर चार आकडे असतात ते वाचायला शिका. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. येथे चारही टायर जुने निघाले. नक्षी शिल्लक होती, पण रबर कडक झाले होते. ते बदलावे लागणार, हे किमतीत धरायचे ठरले. सर्व्हिसिंगची पावती आणि मीटरवरचा आकडा एकमेकांशी जुळत होता. आरसी बुकावर कर्जाची नोंद नव्हती; असती तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म मागायचा. नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. दंडाची ऑनलाइन चलने थकलेली नाहीत ना, तेही पाहिले. विम्याचे एक सांगून ठेवते. विमा गाडीबरोबर आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा. पण दावा न केल्याची जी सवलत असते, ती गाडीची नसते, माणसाची असते. जुन्या मालकाचे पुण्य आपल्या खात्यावर जमा होत नाही.

कागद झाले. आता रस्ता. आणि येथे मुलुंडचे मोल कळते. मोटार पारखायला लागणारे सगळे रस्ते आमच्या गावात आहेत.

आरंभ पाच रस्त्यापासून केला. संध्याकाळी सहाला तिथे रिक्षा, बस, भाजीची गाडी, क्लासला निघालेली मुले आणि मधोमध थांबून गप्पा मारणारे दोन काका, अशी पंचायतन पूजा मांडलेली असते. येथे गाडीचा वेग कळत नाही, स्वभाव कळतो. क्लच किती वेळा दाबावा लागतो, डावा पाय किती दुखतो, पुढचा खांब किती रस्ता झाकतो, वळण एका दमात बसते की मागे-पुढे करावे लागते. ती एका दमात वळली. पुढे कालिदास नाट्यमंदिरावरून जाताना हे डाव्या सीटवरून मला मार्ग सांगू लागले. कालिदासाच्या यक्षाने मेघाला वाट सांगितली, पण मेघाने उलट बोलल्याची कुठे नोंद नाही. मी बोलले.

तिथून डोंगराकडे, योगी हिलच्या चढावर. राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाने वर जाणारा हा रस्ता क्लचचा परीक्षक आहे. चढावर गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, पाय काढला. गाडी जागची हलली नाही. मग तिसऱ्या गिअरमध्ये चढावर वेग मागितला. इंजिनाचा आवाज वाढून गाडी मात्र तशीच रेंगाळली, तर क्लच संपत आला असे समजावे. येथे आवाजाबरोबर गाडीही निघाली. मेकॅनिक मागे बसले होते. ते नुसते “हं” म्हणाले. त्यांच्या मोजक्या बोलण्यात तो मोठा प्रशस्तिपाठ होता.

यानंतरची फेरी सासूबाईंना घेऊन केली, कारण खरे परीक्षक त्याच होत्या. सेडानची बैठक खाली असते, हा तिच्यावरचा मोठा आक्षेप. त्यावर त्यांच्या व्यायाम-उपचाराच्या बाईंनी युक्ती सांगितली होती. आधी पाठ गाडीकडे करून बसायचे, मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. बैठकीवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली तर अंग सहज वळते. कन्येने आमच्या जेवणाच्या खुर्चीची आणि या बैठकीची उंची मापून पाहिली होती. बैठक खुर्चीहून थोडी बुटकी होती, म्हणून खाली एक कडक गादी घातली. सासूबाई बसल्या, पाय वळवले, आणि मी दार लावायला पुढे झाले.

“थांब,” त्या म्हणाल्या. त्यांनी हात लांब करून दार स्वतः ओढून लावले. मग उघडले. मग पुन्हा लावले. “मला लावता येतं,” त्या म्हणाल्या. पाच तारे आणि पाचशे लिटर यांच्या जमाखर्चात ही रक्कम मी कुठे मांडली नव्हती.

मग निघालो ते लालबहादूर शास्त्री मार्गाने दक्षिणेला, सोनापूरपाशी डावीकडे वळून नाहूरच्या पुलावरून रूळ ओलांडले. हाच तो गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता. सुमारे बारा किलोमीटरांच्या या रस्त्यासाठी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून जोडबोगदे योजले आहेत. २०२४ च्या जुलैत त्या बोगद्यांचे भूमिपूजन झाले. ते उघडतील तेव्हा गोरेगाव आमचे शेजारी होईल. पुलाच्या सांध्यांवरून जाताना मी आरशात पाहत होते. सासूबाईंचा चेहरा शांत होता. मणक्याने हरकत घेतली नव्हती. पूर्व द्रुतगती महामार्गाला लागलो, खाडीकडची मिठागरे उजवीकडे ठेवली आणि डावीकडे पूर्वेच्या वस्तीत शिरलो. पायी गेलो असतो तर केव्हाच पोचलो असतो. पण पायी जाता येत नव्हते, म्हणून तर सारे रामायण.

मावशी फाटकाशी उभ्या होत्या. फोन केला तेव्हापासून उभ्या असाव्यात. सासूबाईंनी दार उघडले, दोन्ही पाय बाहेर ठेवले, काठी टेकली आणि उभ्या राहिल्या. मावशींनी त्यांचा हात धरला आणि विचारले, “जाड झालीस का गं?” सात महिन्यांनी भेटलेल्या बहिणीला दुसरे काय विचारणार? आम्ही तिघे चहा घेऊन गच्चीवर गेलो. खोलीत दोघींनाच बसू दिले.

परतताना मुद्दाम दुसरी वाट धरली. महामार्गाने आनंदनगरचा नाका, पुढे कोपरीच्या पुलावरून पुन्हा रूळ ओलांडून तीन हात नाका, आणि तिथून डावीकडे वळून मुलुंडचा चेक नाका. एमएच ०३ मधून एमएच ०४ मध्ये जाऊन परत! जकात होती तेव्हा या नाक्यावर मालमोटारींच्या रांगा ठाण्यापर्यंत लागत. १ जुलै २०१७ ला जकात गेली. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेश-नाक्यांवर लहान मोटारींचा पथकरही गेला. नाहीतर या प्रदक्षिणेला दोन देवळांत दक्षिणा ठेवावी लागली असती. गाडीने ही फेरी निमूटपणे पुरी केली. थांबल्यावर मेकॅनिकनी सांगितल्याप्रमाणे बॉनेटखाली वाकून पाहिले. कुठे थेंब नव्हता, वास नव्हता.

आम्ही ती घेतली. चार नवे टायर घातले, आणि त्यांचे पैसे मालकांनी कुरकुर न करता किमतीतून वजा केले. जागेत ती बरोबर बसते. पुढे एक सेंटिमीटर उरतो तो सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्वतः वाकून पाहिला.

कन्येने गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवली आहे. पेट्रोल, किलोमीटर, कुठे गेलो, सगळे ती लिहिते. पहिल्या महिन्यात ३१८ किलोमीटर झाले. नऊ फेऱ्या गव्हाणपाड्याच्या, दोन डॉक्टरांच्या, आणि एक कालिदास नाट्यमंदिराची, दुपारच्या नाटकाची. त्या दिवशी मागच्या बाकावर दोघी बहिणी होत्या. मधे शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. मावशी पश्चिमेकडचे नवे मनोरे पाहून विचारत होत्या, “हे कधी झालं?” आणि सासूबाई प्रत्येक वेळी “अगं, केव्हाच!” असे अशा थाटात सांगत होत्या, जणू त्या रोज तिथूनच हिंडत होत्या.